शेंगदाण्याचं तेल आणि न वाळलेला संगम

प्रश्न : मी कराडला राहते. दोन वर्षांपूर्वी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. शाळकरी वयात इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली होती, त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. आता हौसेने बारा तैलरंगांचा संच, कॅनव्हास, ब्रश आणले आणि प्रीतिसंगमाचं चित्र काढायला घेतलं. आईला ऐंशी वर्षं पूर्ण होतात, तिचं बालपण त्या घाटावर गेलं, म्हणून तिला द्यायचं होतं. पण झाडं, डोंगर, पाणी सगळं एकाच मातकट हिरव्या रंगाचं झालं. सहा आठवडे होऊन गेले तरी चित्र वाळत नाही, बोट लावलं की रंग बोटाला येतो. (लिन्सीड ऑइल संपलं होतं म्हणून मधे दोन दिवस घरचं शेंगदाण्याचं तेल वापरलं.) शेवटी कपाटामागे उभं करून ठेवलंय. टर्पेंटाइनने डोकं दुखतं, घरचेही वासाला कंटाळलेत. व्हिडिओत सगळं सोपं वाटतं. या वयात तैलरंग शिकता येतात का, की माझ्या हातातच ते नाही?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे. चित्र वाळत नाही त्याचा तुमच्या हाताशी काही संबंध नाही. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही. सहा आठवडे थांबा नाहीतर सहा महिने, ते चिकटच राहणार.

हे नीट समजून घ्या, कारण तैलरंगाचं अर्धं शास्त्र यात आहे. पाण्याचा रंग वाळतो तो पाणी उडून गेल्यामुळे. तैलरंगातलं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि हळूहळू घट्ट, चिवट पापुद्रा होतं. वाळताना त्याचं वजन कमी होण्याऐवजी थोडं वाढतं. पण हा गुण मोजक्याच तेलांत आहे. जवसात आहे, अक्रोडात आहे, आपल्या सोलापूरकडच्या करडईतही आहे. करडईचं तेल जवसाइतकं पिवळं पडत नाही, म्हणून काही कंपन्या पांढरा रंग त्यातच घोटतात. शेंगदाणा, खोबरेल, एरंडेल यांत तो गुण नाही. लिन्सीड म्हणजे दुसरं काही नाही, आपलं जवस. तुम्ही जवसाची चटणी करत असाल तर लिन्सीड ऑइल तुम्हाला परकं नाही. तरी चटणीचं किंवा खायचं तेलही चित्रात घालू नका, आणि हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्यांसाठी मिळतं ते डबल बॉइल्डही नको, ते काळपट पडतं. चित्रकलेच्या दुकानात शुद्ध केलेलं लिन्सीड मिळतं, तेच घ्या. छोटी बाटली वर्षभर पुरते.

आणि कपाटामागचा अंधार. चित्र वाळायला हवा लागते, उजेड लागतो. अंधारात ठेवलेलं जवसाचं तेल पिवळटही पडतं. ओलं चित्र खेळत्या हवेच्या खोलीत, भिंतीकडे तोंड न करता ठेवायचं. कडक ऊन नको. पावसाळ्यात दमटपणामुळे वेळ जास्त लागतो, तेवढा द्यायचा.

आता त्या चित्राचं काय करायचं? मी स्पष्ट सांगतो, ते वाचवू नका. त्याच्यावर दुसरा थर दिलात तर खालचा चिकट थर हलत राहील आणि वरचा तडकेल. आधी दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा. मग पॅलेट नाइफने रंग खरवडून काढा आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने कॅनव्हास पुसून घ्या. शेंगदाण्याचं तेल कापडात मुरलेलं असणार, त्यामुळे हा कॅनव्हास पुढे फक्त ब्रश आजमावायला, रंगांच्या पट्ट्या काढून बघायला ठेवा. खरवडताना वाईट वाटेल. मीही खूप चित्रं खरवडली आहेत, पण त्यातलं एकही आईसाठी काढलेलं नव्हतं, म्हणून तुमचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे हे मला कळतं. पण संगमाचं चित्र रद्द होत नाहीये, पुढे जातंय. शेवटी त्याच्याकडे येतोच.

मातकट हिरव्याकडे वळू. फोटो पाठवला नाहीत, पण बारा रंगांचा संच म्हटल्यावर काय झालं असेल ते मला दिसतंय. झाडाला ट्यूबमधला सॅप ग्रीन, डोंगराला सॅप ग्रीनमध्ये निळा, सावली हवी म्हणून त्यात काळा, फार काळं झालं म्हणून पांढरा, मग जिवंत दिसावं म्हणून पिवळा. ट्यूबवर अगदी बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन हा गडद निळा, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट. चष्मा लावून तुमच्या सॅप ग्रीनच्या ट्यूबवर बघा, बहुधा दोन-तीन संकेत सापडतील. म्हणजे तो आधीच मिश्रण आहे. मिश्रणात मिश्रण मिसळत गेलं की चौथ्या-पाचव्या रंगाला चिखल होतोच. त्यात ब्रश प्रत्येक वेळी पुसला नसेल तर मागच्या रंगाचा अंश पुढच्यात जातो. हे सगळ्यांचं होतं.

पण खरं कारण याच्याही मागे आहे, आणि माझं मुख्य म्हणणं तेच आहे. तुम्हाला रंग जमला नाही असं तुम्हाला वाटतंय. जमला नाही तो उजेड. झाड हिरवं आणि पाणी निळं हे शाळेपासून ठाऊक असतं. झाडापेक्षा पाणी किती उजळ आणि डोंगरापेक्षा झाड किती गडद, हे मात्र समोर बघूनच ठरवावं लागतं. ती चढउतार चुकली की बाराच्या बारा ट्यूब ओतल्या तरी चित्र सपाटच राहतं. ती बरोबर असेल तर एकाच रंगात काढलेलं मडकंसुद्धा उचलून घ्यावंसं वाटतं.

म्हणून पहिला महिना एकच ट्यूब. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. बाकी अकरा डब्यात घालून ठेवा.

घरात संक्रांतीचं सुगड असेल, नसेल तर कुंभाराकडून आणा. काळं असो की तांबडं, चालेल, फक्त त्यावर हळदीकुंकवाची बोटं नकोत. पितळी तांब्या घेऊ नका, त्यात अख्खी खोली दिसते आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. सुगड खिडकीपाशी स्टुलावर ठेवा, मागे एखादं साधं फडकं टांगा. उजेड एकाच बाजूने यायला हवा, म्हणून घरातला दिवा बंद. खिडकी उत्तरेची असेल तर फारच छान, तिथून ऊन सहसा थेट आत येत नाही आणि तास-दोन तास सावली जागची हलत नाही.

आठ बाय दहा इंचाचा एमडीएफचा तुकडा सुताराकडून कापून घ्या. त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, एक आडवा, एक उभा, मधे हलका पॉलिशपेपर. कॅनव्हासपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि स्वस्त पडलं की खराब व्हायची भीती राहत नाही. नुसत्या कापडावर किंवा कागदावर मात्र तैलरंग थेट लावायचा नाही, तेलाने तंतू कुजतात. जेसो मधे असतो तो त्यासाठी.

आता वाटाण्याएवढा बर्न्ट अंबर घ्या, त्यात टर्पेंटाइनचे थोडे थेंब, आणि फडक्याने तो अख्ख्या बोर्डावर चोळा. बोर्ड दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा दिसला पाहिजे. यावर ब्रशने सुगडाचा आकार हलका मांडा. मग फडक्याचं टोक बोटाला गुंडाळा आणि जिथे उजेड आहे तिथला रंग पुसा. बारीक जागी कान साफ करायची कापसाची काडी वापरा. पुसलं की खालचा पांढरा वर येतो. म्हणजे उजेड तुम्ही लावत नाही, पुसून मोकळा करता. सावलीच्या जागी ब्रशने थोडा दाट अंबर. बस, एवढंच. चुकलं तर पुन्हा रंग चोळा, पुन्हा पुसा. पाण्याच्या रंगात ही सवलत कधी मिळाली होती का?

काढताना डोळे किलकिले करा. बारकावे नाहीसे होतात आणि गडद-उजळचे मोठे तुकडे उरतात. सुगडाच्या तोंडाच्या आतला काळोख हा बहुतेक वेळा सगळ्यात गडद भाग असतो. त्या काळोखाला लागून काठाची बारीक उजळ रेघ असते, ती एका फटक्यात पुसली गेली पाहिजे, घासत बसायचं नाही. पोटावर खिडकीकडची बाजू उजळ, मग मधली छटा, मग सावली सुरू होते तो पट्टा. त्याच्याही पलीकडे, अगदी खालच्या कडेला, स्टुलावरून उलटून आलेला मंद उजेड सुगडाच्या पोटाला लागलेला दिसेल. तो सापडला की सुगड गोल होतं. पण सगळेजण तो जास्त उजळ काढतात, कारण दिसला याचा आनंद होतो. तो सावलीतलाच आहे, मधल्या छटेपेक्षा गडदच ठेवा. आणि तळाशी, जिथे मडकं स्टुलाला टेकतं, तिथे केसाएवढी काळी फट. ती नसेल तर मडकं अधांतरी तरंगतं.

झाल्यावर मोबाइलवर सुगडाचा आणि चित्राचा एकत्र फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. कुठे चुकलं ते लगेच कळेल.

बर्न्ट अंबरच का? या मातीच्या रंगात मँगनीज असतं, त्यामुळे तो बाकी रंगांपेक्षा लवकर वाळतो. पातळ थर असेल तर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही. टायटॅनियम व्हाइट, काळा, क्रिमसन हे रेंगाळणारे. म्हणून तळाला अंबर पातळ, वर बाकीचे. आठवड्यातून दोनदा बसलात तर महिन्यात आठ सुगडं होतील. आठही ठेवा, मागे तारीख घाला.

इथे इंटरमिजिएटच्या सवयीबद्दल एक गोष्ट. आपण सगळे पाण्याच्या रंगावर वाढलो. तिथे कागदाचा पांढरा राखायचा, उजळाकडून गडदाकडे जायचं, चुकलं तर गेलं. तैलरंगात वाट उलटी आहे. गडद आधी आणि पातळ, उजळ शेवटी आणि दाट. सावली पारदर्शक राहिली की तिच्यात खोली येते, उजेडावर रंगाचा जाड थर बसला की तो खरोखर प्रकाश पकडतो. तुम्ही बहुधा आकाश आणि पाणी आधी पांढरं-निळं रंगवलंत आणि सावल्या त्यावर चढवल्यात. तिथूनच पांढरा सगळीकडे पसरला असणार. सावलीत पांढरा गेला की ती धुरकट होते. सुरुवातीला सावलीसाठी एक ब्रश आणि उजेडासाठी दुसरा, असे वेगळेच ठेवा.

याच्याच जोडीचा नियम: वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, पुढच्यात तेल थोडं थोडं वाढवत जायचं. खाली तेलकट आणि वर कोरडा असं झालं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी चित्राला भेगा पडतात. तुम्हाला सध्या एक-दोन थरांत काम करायचंय, त्यामुळे याची धास्ती घेऊ नका, नुसतं ध्यानात असू द्या. तेल कमीच वापरा. ट्यूबमधल्या रंगात ते आधीच पुरेसं असतं.

दुसऱ्या महिन्यात चार ट्यूब बाहेर काढा. टायटॅनियम व्हाइट, येलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन. आणि समोर ठेवा एक कांदा. कांद्यात सगळं आहे: गोलाई, सालीची चमक, सुटलेल्या पापुद्र्याची कड. सिएना आणि अल्ट्रामरीन सारखे घेतले की सुंदर गडद रंग मिळतो, जवळजवळ काळा, पण मेलेला नाही. काळ्याची ट्यूब लागणारच नाही. त्यातच सिएना थोडा वाढवला की उबदार, निळा वाढवला की थंड, पांढरा घातला की राखाडीच्या कितीतरी तऱ्हा. येलो ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा मऊ, थोडा धुळकट निघतो. तो बघाल तेव्हा कराडच्या आजूबाजूची झाडं तुम्हाला ओळखीची वाटतील. आपल्याकडचा हिरवा ट्यूबमधल्या हिरव्यासारखा कर्कश फक्त आषाढ-श्रावणात असतो, तेव्हा मग लेमन यलो काढायचा.

रंग मिसळायचे ते ब्रशने नाही, पॅलेट नाइफने. ब्रशच्या मुळाशी रंग साचतो आणि ब्रश फुलारतो. पॅलेट म्हणून जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, कडांना चिकटपट्टी लावा आणि खाली राखाडी कागद घाला. काचेवरून रंग खरवडायला सोपा, आणि राखाडीवर छटा खरी दिसते.

खरेदी फार करू नका. डुकराच्या केसांचे तीन ब्रश, चार आणि आठ नंबरचे चपटे, सहा नंबरचा फिल्बर्ट म्हणजे गोलसर टोकाचा. एक नाइफ. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, तीच सगळ्यात आधी संपते. रंग कॅमलचे पुरेसे आहेत, दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेला हा कारखाना, आणि महाराष्ट्रात कितीजणांचे हात त्याच रंगांवर बसले. महागडे परदेशी रंग दोन-तीन वर्षांनी, तेही पांढरा आणि निळा एवढेच घेऊन पाहा. कुठल्याही कंपनीच्या ट्यूबवर रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ असं लिहिलं असेल तर मूळ महागड्या द्रव्याऐवजी तिथे दुसरं वापरलंय असं समजायचं. शिकताना त्याने काही अडत नाही.

डोकेदुखीचं मात्र मनावर घ्या, ती सहन करायची गोष्ट नाही. तुम्ही वाटीभर टर्पेंटाइन उघडं ठेवून बसत असणार. इतकं लागतच नाही. झाकणाच्या छोट्या बाटलीत दोन चमचे ओता, ब्रश बुडवला की झाकण लावा. ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, टर्पेंटाइनमध्ये नंतर. नव्वद टक्के रंग कागदावरच निघतो. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या असतील अशी जागा धरा. स्वयंपाकघरात नको, जेवणाच्या टेबलावर नको, देवघरात समई तेवत असेल त्या खोलीत तर मुळीच नको, टर्पेंटाइन पटकन पेट घेतं. एवढं करूनही त्रास झाला तर टर्पेंटाइन बंद करा. नुसत्या जवसाच्या तेलातही रंगवता येतं आणि ब्रश तेलातच धुवून साबणाने साफ करता येतात. वेळ थोडा जास्त जातो, इतकंच. घरात लहान मूल असेल तर ट्यूब उंचावर ठेवा. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग पोटात जाणं चांगलं नाही. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची शाळेतली सवय असेल तर ती आजच सोडा.

वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत रात्रभर ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं निवळ पुन्हा ब्रश धुवायला चालतं. नंतर अंगणातल्या नळाखाली तळहातावर धुण्याच्या साबणाची वडी घेऊन ब्रश त्यावर गोल गोल फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत. बोटांनी आकार द्या आणि आडवा ठेवून वाळवा.

आणि चिंध्या. हे वाचून सोडून देऊ नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. चित्रावर ती जाणवतही नाही, पण तेलाच्या फडक्यांचा बोळा करून डब्यात कोंबला की ती आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा संध्याकाळी चिंध्या पिशवीत भरून जिन्याखाली ठेवल्या. तासाभराने केर टाकायला पिशवी उचलली तर ती ताज्या भाकरीच्या टोपलीसारखी गरम लागली. पिशवी तशीच बाहेर नेऊन बादलीत बुडवली. हात नंतर बराच वेळ थरथरत होता, वर घरात माणसं होती. तेव्हापासून एकही फडकं मी चुरगळून ठेवलेलं नाही. दोरीवर एकेक पसरून, मोकळ्या हवेत, कडक होईपर्यंत वाळवा, मगच टाका. किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवा. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, म्हणजे कोणी आवराआवर करताना तुमची फडकी गुंडाळून कोपऱ्यात टाकणार नाही.

व्हिडिओ बघा, पण त्यांत दोन तासांचं काम पाच मिनिटांत धावतं आणि हात कुठे थांबला ते कापलेलं असतं. थांबणं हेच तर शिकायचं असतं. चित्रकार समोर उभा राहून रंगवताना बघण्याइतकं दुसरं शिक्षण नाही. राजा रविवर्म्यांना त्रावणकोरच्या दरबारातल्या चित्रकाराने तैलरंगाची विद्या द्यायला नकार दिला होता. पुढे थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढायला आला, तेव्हा त्याचं काम नुसतं बघत बघत त्यांनी ती आत्मसात केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. तुम्हाला इतकं अवघड नाही. कोल्हापुरात ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ टाउन हॉलच्या बागेत भरते, तिथे चित्रकार लोकांसमोर रंगवतात आणि शेजारी गाणं चालू असतं. जा, एकाच चित्रकाराच्या मागे उभ्या राहा, आणि कोऱ्या कॅनव्हासपासून सहीपर्यंत हलू नका. तो ब्रश किती वेळा पुसतो ते मोजा. क्लास लावायचा असेल तर पहिल्या दिवशी एवढंच विचारा: समोर वस्तू ठेवून काढायला लावता, की छापील चित्रावरून? छापील चित्रावरून असेल तर त्या फीमध्ये अजून पन्नास बोर्ड येतील.

छापील चित्राने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो. हातात दिवा धरलेली, ज्योतीपुढे दुसरा हात आडवा धरलेली ती बाई तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिली असेल. बहुतेकांना ते रविवर्म्यांचं तैलचित्र वाटतं. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे. छपाईवरून माध्यमसुद्धा ओळखू येत नाही, तर रंगाचा थर कुठून कळणार?

म्हणून औंधला जा. तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार म. वि. धुरंधरांचं कामही आहे. नवशिक्याने तिथे कथा बघायची नाही. चित्राच्या अगदी बाजूला जा, भिंतीला गाल लावल्यासारख्या उभ्या राहा आणि तिरपं बघा. उजेड रंगावरून घसरत येतो तेव्हा थर दिसतात. सावलीत रंग किती पातळ आहे आणि दागिन्याच्या एका ठिपक्यावर किती जाड, ते तिथे कळेल. मी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा एका मोत्यासाठी फक्त दोन फटके होते, एक राखाडी आणि एक पांढरा. लांबून तो मोती लखलखत होता.

वयाचं तुम्ही विचारलंत. साठीजवळ मुलांचे हात चालतात तसा हात पटकन वळत नाही, हे खरं. पण तैलरंगाला पटकन काही लागतच नाही. त्याला लागतो मोकळा दुपारचा वेळ आणि एकाच गोष्टीकडे परत परत बघायची तयारी. पहिलीच्या वर्गाकडून ‘क’ गिरवून घेताना तुम्ही वर्षानुवर्षं तेच केलंत.

आणि आता संगम. वाढदिवसाला मोठं चित्र द्यायचा हट्ट सोडा. तिसऱ्या महिन्यात, कांदे हातात बसले की, सहा बाय आठ इंचाचा एक बोर्ड, तेच चार रंग आणि लेमन यलो घेऊन घाटावर जा. १८४१ साली जॉन रँड या चित्रकाराने पत्र्याची दाबायची ट्यूब काढली, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून न्यावा लागे. तुम्ही पर्समध्ये पाच ट्यूब टाकून नदीवर जाऊ शकता. सकाळी सातच्या सुमाराला जा, उजेड आडवा असतो आणि सावल्या लांब. आईंना सोबत न्या, घडीची खुर्ची घ्या. तपशील काढू नका. पाच तुकडे ठरवा: आकाश, मागे आगाशिवचा डोंगर, झाडांची रांग, कोयनेचं पाणी, कृष्णेचं पाणी. कुठला सगळ्यात उजळ, कुठला सगळ्यात गडद, ते मनात नक्की करूनच ब्रश उचला. डोंगर लांबचा आहे, त्यात अल्ट्रामरीन आणि पांढरा थोडा जास्त, हिरवा जवळजवळ नाहीच. गडद हिरवा फक्त जवळच्या झाडांना. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग अगदी सारखा आहे का, ते बघा. सूर्य वर आला की थांबा, दीड तासात सावल्या बदलतात. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी.

आईंना विचारा, त्या लहान असताना घाटावर कुठलं झाड होतं जे आता नाही. त्या हाताने जागा दाखवतील. तिथे ब्रशचा एक फटका ठेवा, आणि बोर्डाच्या मागे त्या झाडाचं नाव, तारीख आणि त्यांचं नाव लिहा. पातळ काम असेल तर पंधरा-वीस दिवसांत वाळेल. काच लावू नका. वार्निश वर्षभराने.

सुगडाचे फोटो मात्र आधी पाठवा. पहिलं आणि आठवं, दोन्ही, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात.